फार गुणी पोर

आमच्या कारखान्यात शिलाईच्या बेचाळीस मशिनी आहेत. सगळ्या एकदम चालू झाल्या की शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागतं. त्या गोंगाटात आमची मिस्त्रीण हातात चहाचा कप घेऊन रांगांमधून नुसती फिरायची आणि जाता जाता सांगायची, सतरावीची सुई वाकलीय, तिसावीचा पट्टा सैल झालाय. सतरावीवरची बाई म्हणायची, माझी तर मस्त चाललीय. दहा मिनिटांत टाके सुटायला लागायचे. मग बाई गप्प.

मी तिथली फ्लोअर इन्चार्ज. म्हणजे ओरडायचं काम माझं. सगळ्या मला काकू म्हणतात, निदान तोंडावर. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही. राग माझ्या नाकावर असतो आणि मला त्याची लाज नाही. चाळीस बायकांकडून वेळेत शर्ट काढून घ्यायचे तर गोड बोलून चालत नाही.

मिस्त्रीण आली तेव्हा तिशी ओलांडलेली होती. बाई आणि मशीन दुरुस्त करणार, म्हणून मालकाने आधी नाक मुरडलं. तिने काही न बोलता कोपऱ्यात महिनाभर बंद पडलेली ओव्हरलॉक मशीन उघडली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू केली आणि हात पुसत विचारलं, पगाराचं कोणाशी बोलायचं. मला ती त्याच दिवशी आवडली. नवरा होता, पण तो भांडणतंटा न करता दुसऱ्या गावी निघून गेला होता आणि तिकडेच रमला होता. घरी एक दहा वर्षांची लेक. ती शाळेतून आली की आपलं आपण दार उघडायची, खायची, अभ्यास करायची. मिस्त्रीण कौतुकाने सांगायची, तिचा मला काडीचा त्रास नाही.

तिच्या कानांना मी देवाची देणगी म्हणायचे. देवाचा त्यात काही हात नव्हता, हे मला पुढे कळलं.

आमच्याकडे एक नियम आहे: मशिनीला तेल घालायचं ते फक्त मिस्त्रिणीने. नियम मीच केला होता, कारण पूर्वी एका शहाणीने घाईघाईत मशिनीत केसांचं तेल ओतलं होतं आणि पुढे आठवडाभर आमच्या शर्टांना मोगऱ्याचा वास येत होता. तर नियम माझा आणि मोडलाही मीच. त्या दुपारी एका दवाखान्याचे सहाशे गणवेश द्यायचे होते. सगळं झालं होतं, काजं तेवढी राहिली होती, आणि नेमकी काज करायची मशीन कुरकुरायला लागली. मिस्त्रीण खाली गेली होती. तिची हत्यारांची पिशवी खुंटीला होती. मी वाट बघणाऱ्यातली नाही. पिशवीत हात घातला, लांब चोचीचा तेलाचा डबा काढला, तो रिकामा. खाली फडक्यात गुंडाळलेला दुसरा होता, भरलेला. म्हटलं चला, काम झालं. चांगलं सढळ हाताने घातलं.

पाऊण तासाने मशीन किंचाळली आणि जागच्या जागी बसली. चाक हाताने फिरवायला गेले, तसूभर हलेना. आणि गरम झालेल्या लोखंडातून वास सुटला. मी आयुष्यात थेंबाला शिवलेली नाही, पण दोन दीर आणि एक मेहुणा अशा तिघांच्या संगतीत संसार केलाय. तो वास मला झोपेतही ओळखू येईल, ओतताना मात्र घाईत लक्षच गेलं नव्हतं. दारू होती. उरलंसुरलं तेल तिने धुऊन टाकलं होतं आणि मशीन कोरडी पळून अडकली होती.

तेवढ्यात मिस्त्रीण वर आली. माझ्या हातातला डबा तिने पाहिला. पकडलं गेलं की माणूस रडतं, चिडतं, खोटं बोलतं. ती मशिनीजवळ गेली, चाकाला हात लावला आणि म्हणाली, बेअरिंग गेलं असेल, मी करते दुरुस्त. बोलताना तिची जीभ जड होती. तिची जीभ दुपारनंतर नेहमीच थोडी जड असायची आणि मी त्याला आजवर थकवा समजत होते. स्वतःला मोठी चाणाक्ष म्हणवणारी मी.

सुताच्या कोठीत नेऊन मी तिला जे काही बोलले ते इथे सांगत नाही. हे सुयांचं, पात्यांचं, विजेचं काम आहे, कोणाचा हात गेला असता तर, असं पुष्कळ. शेवटी तोंडाला आलं ते बोलून गेले, की आईबापांनी हेच शिकवलं का तुला. ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "नाही. माझे वडील दारूला कधी शिवले नाहीत."

मालकाला मी सांगितलं की चुकीचं तेल पडलं आणि ते माझ्या हातून पडलं. यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा. उरलेली काजं शेजारच्या कारखान्यातून करून घेतली, त्यांचे चार टोमणे ऐकले आणि मिस्त्रिणीला घरी पोहोचवायला निघाले, कारण तिला नीट चालवत नव्हतं. सरळ रस्ता होता, ऊन होतं आणि ती माझा दंड धरून चालत होती.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. आम्ही वर पोहोचलो तर दार आधीच उघडं. लेक दारात उभी होती. वेणी नीट, गणवेशाची घडी खुर्चीवर, वाटेतले बूट बाजूला सारलेले. तिने आईच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, पाण्याचा पेला दिला, पलंगाशी बादली आणून ठेवली. सगळं न सांगता. मला म्हणाली, आजी तुम्ही बसा. आजी कोणाला म्हणतेस, असं ओठांवर आलं होतं, पण गिळलं. मी विचारलं, तुला कसं कळलं गं आम्ही आलो ते. तर ती अगदी उत्साहाने सांगायला लागली, शाळेतला पाठ म्हणून दाखवावा तशी.

"तुम्ही दोघी होतात म्हणून आज उशिरा कळलं. आई एकटी असली की मला खालच्या जिन्यावरूनच कळतं. कठड्याला धरत आली तर थोडी घेतलीय. मध्ये थांबली तर जास्त. आणि पाय अजिबात वाजलाच नाही तर सगळ्यात जास्त, कारण तेव्हा ती वाजू न देता येते."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, किती गुणी पोर आहे, किती समजूतदार. माझ्या पोरांनी मला म्हातारपणीसुद्धा पाण्याचा पेला विचारलेला नाही, म्हणून मला खरंच कौतुक वाटलं. मागे वळून पाहिलं तर मिस्त्रीण भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. चेहरा पांढराफटक. मला वाटलं दारूने झालं असेल.

दुसऱ्या दिवशी मी सात वाजता कारखाना उघडायला आले तर ती पायरीवर बसली होती. आत येऊन तिने काजाची मशीन उघडली, एकेक भाग फडक्यावर मांडला आणि काळा पडलेला दांडा बारीक पॉलिश पेपरने घासायला लागली. हात थरथरत होते, म्हणून कोपर मांडीला दाबून धरत होती. मी चहा आणून दिला. मग घासता घासता ती बोलली, माझ्याकडे न बघता.

वडील कचेरीत कामाला होते. गल्लीत त्यांचं नाव होतं. देवमाणूस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, असं लोक म्हणायचे. हा देवमाणूस सहा वाजता घरी यायचा आणि आईला मारायचा. मग मुलींना. रोज नाही, आणि तीच तर खरी अडचण होती. कधी मारणार हे माहीत नसायचं. मग कान लावायचा. सायकल भिंतीवर धाडकन टेकवली तर ठीक, दमून आलेत, जेवून झोपतील. हळूच टेकवली तर काहीतरी मनात आहे. चप्पल काढायला वेळ लावला तर आईला सांगायचं, तू मोरीत जा. सहा वर्षांची असल्यापासून तिला हे सगळं पाठ होतं. थोरली बहीण होती, चार वर्षांनी मोठी. ती हिला खाटेखाली ढकलायची आणि स्वतः पुढे उभी राहायची. खाटेखालून ही ऐकायची. बघायला काही मिळायचं नाही, नुसतं ऐकायचं.

लग्न झालं, तो बाप मागे राहिला, पण कान उघडेच राहिले. शेजाऱ्याचं दार वाजलं की उठून बसायची. नवऱ्याने पेपर जरा जोरात मिटला तरी ही दाराशी जाऊन उभी राहायची. तो बिचारा साधा माणूस, त्याने कधी आवाज चढवला नाही. हिच्या या दचकण्याला कंटाळूनच गेला म्हणायचा. आणि दारू? ती लग्नाच्याही आधीची. एकोणिसाव्या वर्षी एका मैत्रिणीकडे सगळ्यांनी घेतली तशी हिनेही घेतली.

"कान मिटले, काकू," ती म्हणाली. "डोळे मिटतात ना, तसे. कान मिटता येतात हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा गाढ झोपले."

मी म्हटलं, बाई गं, जिच्या घरात असा धिंगाणा झाला तिने तर दारूपासून दहा हात लांब राहायला हवं. त्यावर तिने पहिल्यांदा मान वर केली. म्हणाली, तेच तर माझं चुकलं. मारणारा माणूस कोरडा होता. मी पिते, पण लेकीवर कधी बोट उचललं नाही, कधी ओरडले नाही. पिऊन आले की गुपचूप झोपते. म्हणून मी निर्धास्त होते, मला वाटायचं की माझ्या घरात ते नाही. आणि काल ती जिन्याचं सांगत होती तेव्हा मला कळलं की ती खाटेखालीच बसलीय.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मशीन चालू झाली. आणि तिने माझ्यासमोर थोरलीला फोन लावला. म्हणाली, ताई, तू येऊन पोरीला घेऊन जा, माझ्या हातून होत नाहीये.

थोरली शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. उंच, हडकुळी, आवाज दणदणीत. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत, ती सरळ होत नाहीत. ती कशाने वाकली हे मी विचारलं नाही. लेकीचे कपडे पिशवीत भरताना तिने धाकटीला एकदाही दोष दिला नाही, पण सवलतही दिली नाही. पोरगी माझ्याकडे राहील, रविवारी तुझ्याकडे येईल, तू बरी झालीस की परत, असं तिने सरळ सांगितलं. बरी म्हणजे किती दिवस, असं मिस्त्रिणीने विचारलं. वर्ष, थोरली म्हणाली, एक दिवसही कमी नाही. मिस्त्रिणीने मान हलवली. लेक जिना उतरून गेली तेव्हा ती खिडकीशी उभी राहिली आणि मला म्हणाली की आता मला एकच काम आहे, हिला परत आणायचं.

असलं काम नुसत्या मनाच्या जोरावर होत नाही. मी तिला म्हटलं होतं, ठरव आणि टाक सोडून, मी चहातली साखर अशीच सोडली. नशीब, तिने माझं ऐकलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की इतक्या वर्षांची दारू एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं, औषधं घेत घेत, दवाखान्यात राहूनच उतरवायची. सोळा दिवस ती तिथे होती. मालकाला मी आतड्याचं दुखणं सांगितलं. तो म्हणाला, बरेच दिवस चाललं हो आतडं. मी म्हटलं, तुमच्या मशिनींची काळजी करून करून झालंय.

त्यानंतर दर गुरुवारी बायकांची बैठक असायची. पहिल्या दोनदा मी सोबत गेले, कारण ती दारातूनच परत फिरेल अशी मला भीती होती. वर्तुळात खुर्च्या, मधे काही नाही. बसलेल्या बायका तुमच्या-आमच्यासारख्याच. एक शिक्षिका, एक बँकेतली, एक आजी, जिच्याकडे बघून वाटावं की ही दुधाशिवाय काही पीत नसेल. बैठक घेणाऱ्या समुपदेशक बाईंनी विचारलं, लहानपणी घरात मारहाण कोणी पाहिली किंवा सोसली. सातांपैकी पाच हात वर गेले. वर गेलेले हात एकमेकींनी पाहिले.

माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, अहो बाई, मलाही बापाने बडवलंय, चांगलं पट्ट्याने, मी नाही लागले प्यायला. त्या शांतपणे म्हणाल्या की सगळ्या लागत नाहीत, पुष्कळजणी लागत नाहीत, पण इथे ज्या येतात त्यांतल्या बऱ्याचजणी अशाच घरांतून आलेल्या असतात. मुलाच्या आत भीती राहिली की ते मोठं झाल्यावर तिच्यावर काहीतरी उपाय शोधतं. मग मला विचारलं, तुम्ही काय शोधलंत? मी म्हटलं, मी काही शोधलं नाही. घरी येताना मिस्त्रीण हळूच हसून म्हणाली, काकू, तुम्ही ओरडायचं शोधलंत. मी तिला झापलं. पण त्या दिवसभर मला माझ्या दोन्ही पोरांची तोंडं आठवत राहिली, लहानपणीची, मी हात उगारल्यावर व्हायची तशी. ते असो.

तिचे कान मात्र परत उघडले आणि पहिले दोन-तीन महिने तिचे हाल झाले. बेचाळीस मशिनी म्हणजे डोक्यात बेचाळीस खिळे, असं म्हणायची. मी तिला कापसाचे बोळे दिले. बायकांनी आपणहून मशिनी जरा दमाने चालवल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं हो, कोणाला मूर्ख बनवायला निघालो होतो आम्ही. चौथ्या महिन्यात ती घसरली. एका दुपारी, एकदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, काल घेतली, ताईला फोन करून सांगितलंय, डॉक्टरांनाही सांगितलंय. मी चिडले असते, पण पकडलं जायच्या आधी आपणहून सांगणारा प्यालेला माणूस मी त्याआधी एकही पाहिलेला नव्हता. आमच्या घरातल्या तिघांनी तर कधी कबूल केलं नाही, बाटली हातात असतानासुद्धा. थोरली फोनवर एवढंच म्हणाली की ठीक आहे, आजपासून पहिला दिवस.

आता लेकीबद्दल. दर रविवारी ती यायची. मीही बरेचदा जायचे, कारण रविवारी माझ्या घरी माझ्याशी बोलायला कोणी थांबत नाही. पोरगी आली की हसायची, चप्पल जोडून ठेवायची, आई, मी भाजी निवडू का, आई, तू बस, मी करते. आजी, तुम्हाला चहा? आवाज मऊ. पेला खाली ठेवला तर त्याचाही आवाज नाही. मी दर वेळी म्हणायचे, लाखात एक पोर आहे. दर वेळी मिस्त्रिणीचा चेहरा पडायचा आणि मला वाटायचं की तिला लेक परत जाण्याचं वाईट वाटतंय.

ती घसरल्यानंतर असे दहा महिने गेले. एका रविवारी पोरगी गेल्यावर मी पुन्हा माझं ते कौतुक सुरू केलं. तशी मिस्त्रीण माझ्यावर उसळली. आजवर ती मला उलट शब्द बोललेली नव्हती.

"गुणी नाहीये ती, काकू. घाबरलीय. मीही अशीच गुणी होते. अख्खी गल्ली माझं नाव घ्यायची."

ती म्हणाली, बघा ना, दहा महिन्यांत तिने एकदा हट्ट केला? रुसली? खोटं बोलली? अकरा वर्षांची पोर आहे. मी खुर्ची सरकवली की तिचे खांदे वर जातात. ती अजून माझा अंदाज घेतेय.

आणि मग तिने जे केलं ते माझ्याच्याने झालं नसतं. थोरलीला सांगितलं की वर्ष पुरं होईल तेव्हा हिला पाठवू नकोस. मी न प्यायल्याचं वर्ष होईल, तिच्या भीतीचं नाही. ती तुझ्याकडे तरी भांडते का? थोरली म्हणाली, माझ्याशी दणकून भांडते, काल माझ्या व्हॅनची चावी लपवली. हे ऐकून मिस्त्रीण रडली आणि हसलीही. मग म्हणाली, तर मग तिथेच राहू दे. माझ्याशी भांडायला लागेल तेव्हा बघू.

मी तिला वेड्यात काढलं. वर्षभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला ते हातात येताना सोडायचं? आणि असली अट कोणी घातलीय का जगात, की पोर वाईट वागेल तेव्हाच घरी आणायची? माझी पोरं वाईटच वागली, मला कोणी बक्षीस दिलं नाही. ती म्हणाली, तुमची पोरं तुमच्याशी भांडतात, काकू, म्हणजे तुमचं बरंच काहीतरी बरोबर झालं असणार. कोणी माझ्या आईपणाबद्दल असं बोललं नव्हतं. मी विषय बदलला.

वर्ष पुरं झालं. कारखान्यातल्या बायकांनी तिला नवी हत्यारांची पेटी दिली. लेक आली नाही, म्हणजे रविवारी आली, गोड वागली, संध्याकाळी गेली. अजून एक महिना गेला. मग आणखी एक. तरी मिस्त्रीण ढळली नाही. लेकीसमोर ती मुद्दाम साधंसुधं वागायची, पातेलं हातातून पडलं तर पडू द्यायची, स्वतःच्या चुका मोठ्याने कबूल करायची, आणि एकदा तर तिने पोरीला समोर बसवून सांगितलं की तुला माझा राग आला असणार, आला असेल तर सांग, मी ऐकून घेईन. पोरगी म्हणाली, नाही आई, मला नाही आला राग. आणि उठून भांडी घासायला लागली.

तो रविवार असाच होता. जेवणं झाली होती. मी खिडकीशी सुपारी कातरल्यासारखी तोंडाची टकळी चालवत बसले होते. थोरली संध्याकाळी न्यायला येणार होती. मिस्त्रीण साध्या आवाजात म्हणाली, तेवढी ताटं पुसून ठेवतेस का. पोरीने फडकं घेतलं, एक ताट पुसलं, दुसरं पुसलं. मग फडकं जमिनीवर टाकलं.

"नाही पुसणार."

मग तिच्या तोंडून जे सुरू झालं ते थांबेना. नेहमी मीच का, असं ती म्हणाली. मी बादली आणायची, मी तुझे बूट काढायचे, शाळेच्या सहलीला मी गेले नाही कारण तू पडलीस तर तुला उचलणार कोण. बाईंना सांगितलं की मला ताप आहे. तुला माहीत तरी आहे का? तू झोपायचीस आणि मी तुझ्या नाकाशी हात धरून बसायचे, श्वास चालू आहे का बघत. आणि आता तू बरी झालीस म्हणून सगळ्या टाळ्या वाजवतात. माझ्यासाठी कोणी वाजवल्या? तू वाईट आहेस. खूप वाईट आहेस.

मोठ्या माणसांशी हे असं बोलणं मला सहन होत नाही. माझा हात आपोआप वर गेला आणि मी उठलेच. मिस्त्रिणीने माझं मनगट पकडलं. हत्यारं धरणारा हात तो, मला सोडवता येईना. ती लेकीकडेच बघत होती.

"खरं आहे," ती म्हणाली. "अजून बोल."

आणि पोरगी बोलली. दीड तास. रडली, ओरडली, मधेच भूक लागली म्हणून भात खाल्ला आणि खाता खाता पुन्हा सुरू झाली. शेजारणीने दार वाजवून विचारलं काय झालं, तिला मी बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. मिस्त्रीण जमिनीवर मांडी घालून बसली होती. एकदाही म्हणाली नाही की मी आजारी होते, की माझं लहानपण असं होतं. विचारेल त्याचं उत्तर द्यायची. हो, मला आठवतंय. नाही, ते मला माहीत नव्हतं. सहलीचं ऐकलं तेव्हा तिने तोंडावर हात घेतला, पण ऐकणं थांबवलं नाही.

पाच वाजता थोरली आली. दारातच तिने पाहिलं, ताटं ओली, फडकं जमिनीवर, दोघींचे डोळे सुजलेले आणि मी कधी नव्हे ती गप्प. तिने कोणाला काही विचारलं नाही. कपड्यांची पिशवी खांद्याला लावली आणि भाचीला म्हणाली, चल बाळा, उशीर होतोय.

पोरगी जागची हलली नाही. नाक पुसलं, आईकडे रागाने पाहिलं आणि मावशीला म्हणाली, "तू जा. मी नाही येत. माझं भांडण अजून संपलेलं नाही."

थोरलीने खांद्यावरची पिशवी काढून पलंगावर ठेवली आणि एकटीच खाली गेली.